आधी चूल, मग शाळा

वाचकांचे प्रश्न : सोलापूर

२२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. त्या सुमारास दरवर्षी या सदराकडे त्यांच्याविषयीची पत्रे वाढतात. यंदा आलेल्या पत्रांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. मी स्वतः बोर्डिंगात राहून शिकलो आणि पुढे पस्तीस वर्षे याच जिल्ह्यात शिक्षक म्हणून काम केले, त्यामुळे उत्तरांत माझे काही अनुभवही आले आहेत.

प्रश्न : मी नववीत शिकते. कर्मवीर जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत मला बोलायचे आहे. सगळेजण जन्म, संस्था आणि पुरस्कार याच क्रमाने बोलतात. मी वेगळे काय सांगू? (एक विद्यार्थिनी, करमाळा तालुका)

उत्तर : तारखा तुझ्या हाताशी असाव्यात, म्हणून आधी त्या सांगतो. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९५९ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला, पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी डी.लिट. ही पदवी दिली आणि ९ मे १९५९ रोजी ते गेले. एवढे एका दमात सांगून झाले की श्रोत्यांना एक प्रश्न विचार. काले येथे संस्था निघाली तेव्हा भाऊरावांनी पहिल्याने काय काढले? बहुतेकजण ‘शाळा’ असे उत्तर देतील. खरे उत्तर ‘वसतिगृह’ हे आहे, आणि त्यांचे सारे चरित्र या एका उत्तरातून उलगडत जाते असे मला वाटते.

शाळा त्या काळीही होत्या, पण त्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी होत्या. वाडीवस्तीवरच्या शेतकऱ्याच्या मुलाने चौथीनंतर शिकायचे ठरवले, तर त्याच्यापुढे पहिली अडचण पुस्तकाची किंवा फीची नसे. रात्री पाठ टेकायची कुठे आणि भाकरी कोण देणार, ही ती अडचण होती. शहरात नातेवाईक असणाऱ्या, वार लावून जेवण्याची सोय असणाऱ्या जातींतील मुलांना हा प्रश्न त्या मानाने सुटलेला होता. कुणब्याच्या, धनगराच्या, महारामांगाच्या मुलाला शहरात दारच नव्हते. महात्मा फुले यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गासाठी होतो हे स्पष्टपणे मांडले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिकाच उभी केली आणि १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच.

भाऊराव शिकायला गेले ते याच कोल्हापुरात, आणि राहिले ते जैन बोर्डिंगात. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. शालेय शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढे त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. या हिंडण्याला चरित्रांत फार जागा मिळत नाही याची मला खंत वाटते. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर बसतो, त्याच्या घरची भाकरी खातो, कर्ज किती आणि मुले कुठे आहेत हे त्याला न विचारता कळते. फुल्यांचा सत्यशोधक विचार त्यांनी सभांमधून घेतला, पण त्या विचाराला खेड्याचा तपशील मिळाला तो या पायपिटीतून.

आता तुझ्या भाषणातला सर्वांत महत्त्वाचा भाग. शाहू महाराजांची बहुतेक वसतिगृहे जातवार होती, कारण त्या काळात प्रत्येक समाजाला आपल्या मुलांसाठी उभे करण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एका चुलीवरचे अन्न खात आणि एका पंगतीत बसत. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. अस्पृश्यांच्या राखीव जागांविषयी गांधी आणि आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला त्याच वर्षी, म्हणजे १९३२ साली, त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. करारावर सह्या होऊन गेल्या होत्या. त्या सह्यांचा अर्थ मुलांच्या ताटात उतरला पाहिजे, असे त्यांना वाटले असावे.

शाळा त्यानंतर आल्या. खेड्यांत शिकवायला शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. तेथून तयार झालेल्या शिक्षकांच्या बळावर सातारा जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर पाचशेहून अधिक व्हॉलंटरी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, असा तो क्रम आहे. राहणे, जेवणे, शिक्षक, शाळा, कॉलेज. तू हा क्रम फळ्यावर लिहून दाखवलास तरी तुझे भाषण इतरांपेक्षा वेगळे होईल.

प्रश्न : भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकले ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. मला ती ऐकताना नेहमी अस्वस्थ वाटते. बाईने दागिने द्यायचे आणि नाव पुरुषाचे व्हायचे, असेच हे नाही का? (एक वाचक भगिनी, अक्कलकोट)

उत्तर : आपली अस्वस्थता योग्य आहे, आणि तिचे एक कारण ही गोष्ट ज्या रीतीने सांगितली जाते त्यात आहे. वसतिगृहात धान्य संपले, भाऊराव गावी नव्हते आणि मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, अशी ती हकीकत आहे. त्याआधी अंगावरचे बाकीचे सोने असेच गेलेले होते. व्यासपीठावरून आपण या प्रसंगाला ‘त्याग’ म्हणतो आणि टाळ्या वाजवून पुढे जातो, त्यामुळे बाकीची सारी वर्षे झाकली जातात. त्या वर्षांत लक्ष्मीबाई पहाटे उठत होत्या, जात्यावर बसत होत्या, दुसऱ्यांच्या मुलांच्या तापात उशाशी जागत होत्या. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या बाईने ज्यांची सावली चालत नव्हती त्या मुलांना आपल्या हाताने वाढले, त्यांची डोकी धुतली. हे परिवर्तन एका दिवसात झाले नसणार, आणि सोने देण्यापेक्षा ते अवघड होते असे मी मानतो. १९३० साली त्या गेल्या. संस्थेचे हायस्कूल किंवा कॉलेज त्यांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिली ती फक्त वसतिगृहे, आणि संस्थेचे तेच तर मूळ होते. म्हणून त्यांना मी भाऊरावांच्या सहचारिणी म्हणून थांबत नाही, संस्थेच्या पायाभरणीतील भागीदार म्हणतो. सोलापुरात रयत शिक्षण संस्थेच्या महिला महाविद्यालयाला लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचे नाव आहे. त्या दारातून आत जाणाऱ्या मुलींना त्या कोण होत्या हे जात्यापासून सांगितले गेले पाहिजे.

वसतिगृहात धान्य संपणे म्हणजे काय असते, हे मी पाहिले आहे. १९७२ च्या जूनमध्ये मी मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावाहून पाचवीसाठी एका बोर्डिंगात आलो. नियम असा होता की प्रत्येक मुलाने महिन्याच्या सुरुवातीला घरून शिधा आणायचा : चार पायल्या ज्वारी, थोडी डाळ आणि तिखटमीठ. कोठीच्या दाराशी एक मापाडी मुलगा बसे, पायली सपाट करण्यासाठी त्याच्या हातात लाकडी फळी असे आणि समोर जाड वही. ते वर्ष दुष्काळाचे निघाले. आमच्या गावचे निम्मे लोक खडी फोडण्याच्या कामावर गेले, घरात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आला. दिवाळीनंतर माझ्याजवळच्या पथारीवर झोपणारा मुलगा दोन महिने शिध्याविना राहिला. वहीत त्याच्या नावापुढे दोनदा फुली पडली आणि एका सकाळी त्याला ‘घरून शिधा घेऊन ये’ असे सांगून पाठवण्यात आले. त्याने पत्र्याची ट्रंक आमच्यापाशी ठेवली, कारण तो परत येणार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचे वडील बैलगाडीतून आले आणि ट्रंक घेऊन गेले. तो माझ्यापेक्षा गणितात हुशार होता. बोर्डिंग चालवणारे दुष्ट नव्हते, त्यांच्याही कोठीत त्या वर्षी काही नव्हते. पण मंगळसूत्राची गोष्ट मी ऐकतो तेव्हा मला सोने दिसत नाही. फुली मारायला तयार नसलेली एक बाई दिसते.

प्रश्न : मी शिक्षक आहे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आजच्या कायद्यांच्या नजरेने पाहिली तर बालमजुरी ठरणार नाही का? शाळेत मुलांना झाडू दिला तरी हल्ली पालक तक्रार करतात. (एक शिक्षक, सांगोला)

उत्तर : कायद्याची बाजू आधी. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवण्यावर बंदी आली. ही बंदी आवश्यक होती आणि तिच्यात पळवाट शोधण्यासाठी कोणी कर्मवीरांचे नाव वापरू नये. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज राज्यातील अनेक विद्यापीठांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तिची खरी जागा तीच आहे.

भाऊरावांच्या संस्थेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’ असे आहे. साताऱ्याच्या त्यांच्या हायस्कुलात मुले शेतात राबत, विटा-मातीची कामे करीत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि त्या श्रमांच्या बदल्यात त्यांना फी लागत नसे. या व्यवस्थेला दोन उद्देश होते आणि आपण सहसा पहिलाच बोलतो. पहिला उद्देश पैशाचा : गरीब मुलाने कोणापुढे हात पसरू नये, मिळालेले शिक्षण उपकाराचे वाटू नये. दुसरा उद्देश जातीचा. ज्या समाजात काम जन्मावरून वाटले जाते, त्या समाजात पाटलाच्या मुलाने शेणाची पाटी उचलणे आणि चांभाराच्या मुलाने पंगतीत वाढणे ही साधी श्रमसंस्काराची गोष्ट राहत नाही. एकाच वाफ्यात सगळ्यांनी खुरपे धरले की कोणते काम कोणाचे, हा शतकानुशतकांचा हिशेब तेथे मोडतो. माझ्या मते हा दुसरा उद्देशच मोठा होता.

आपल्या शाळेपुरते सांगायचे तर तक्रार करणाऱ्या पालकांना मी सरसकट दोष देणार नाही. झाडू ठराविक मुलांच्याच हातात पडतो का, स्वच्छतागृह धुण्यासाठी कोणत्या वस्तीतील मुलांची नावे पुकारली जातात, गुरुजींच्या गाडीवरची धूळ कोण पुसते, हे पालक पाहत असतात आणि त्यांच्या आठवणी जुन्या असतात. पाळीचा तक्ता भिंतीवर लावा, त्यात आडनावांचा क्रम न लावता हजेरीपटाचा क्रम लावा, पहिल्या दिवशी स्वतःचे नाव लिहा आणि मुख्याध्यापकांनाही त्यात घ्या. तासाच्या वेळेत काम नको. त्यानंतर तक्रार आली, तर त्या पालकांशी बोलायला आपल्याकडे तोंड राहील.

प्रश्न : कर्मवीरांचे कार्य सातारा जिल्ह्याचे. आपल्या सोलापूर जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध काय? आणि बार्शीचे मामासाहेब जगदाळे यांनाही ‘कर्मवीर’ का म्हणतात? (पंढरपूर व बार्शी येथील दोन वाचक)

उत्तर : संबंध संस्थांचा आहेच. पंढरपूरचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आणि सोलापूरचे वर उल्लेखिलेले महिला महाविद्यालय ही दोन्ही रयतेची आहेत, आणि चारशेहून अधिक माध्यमिक शाळा व चाळीसहून अधिक महाविद्यालये एवढ्या विस्तारात आपल्या जिल्ह्यातील हायस्कुलेही येतात. तरीही दुसरा एक धागा मला अधिक जवळचा वाटतो. संत गाडगे महाराज भाऊरावांचे मोठे आधारस्तंभ होते, आणि कराडच्या रयतेच्या कॉलेजला त्यांचेच नाव आहे. याच गाडगेबाबांनी पंढरपुरात वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. ज्या चोखोबाला महाद्वाराबाहेर राहावे लागले, त्याच्या नावाच्या छपराखाली मुले अभ्यासाला बसली. पंढरपूरच्या वाचकांनी हा संबंध अभिमानाने सांगावा.

बार्शीच्या मामासाहेबांविषयी. १९३४ साली त्यांनी बार्शीत श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले आणि बार्शी तालुका व शेजारचा मराठवाड्याचा भाग यांतील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शिक्षणाची वाट तयार केली. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, हे लक्षात घेतले म्हणजे सरहद्दीवरच्या बार्शीचे महत्त्व कळते. पुढे शाळा, श्री शिवाजी महाविद्यालय आणि जगदाळे मामा हॉस्पिटल अशी कामे उभी राहिली, आणि सरहद्दीपलीकडच्या वाशी येथील महाविद्यालयालाही मामासाहेबांचे नाव आहे. ‘कर्मवीर’ ही पदवी कोणा एकाच्या नावावर राखून ठेवलेली नाही. लोक ती देतात आणि लोकच ती वापरतात. बार्शीने ती मामांना दिली.

प्रश्न : मी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. दसरा झाला की आमच्या गावातली वीस-पंचवीस कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुलेही जातात. पटावर नाव राहते, मूल राहत नाही. कर्मवीरांचे फोटो पूजून आम्ही काय करायचे ते सांगा. (एक सदस्य, करमाळा तालुका)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य कडवट आहे आणि ते मी तसेच छापले, कारण ते खरे आहे. भाऊरावांच्या पहिल्या प्रश्नाकडेच आपण परत जातो. शाळा आपल्या गावात आहे, शिक्षक आहे, पुस्तके फुकट आहेत, दुपारचा पोषण आहारही आहे. नाही ती फक्त संध्याकाळची भाकरी आणि रात्रीचे छप्पर. आई आणि बाप मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, धरली जाते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, मुकादम टोळी घेऊन निघतो, आणि सात वर्षांच्या मुलाला मागे कोणाजवळ ठेवायचे याचे उत्तर नसते. मुलगी असेल तर आई तिला मागे ठेवायला मुळीच धजत नाही. तिकडे अड्ड्यावर गेल्यावर तीच मुलगी खोपीत धाकट्या भावाला सांभाळते आणि वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधते.

हंगामी वसतिगृह ही योजना याच उणिवेसाठी आहे. ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातच चालते. मुले आजीआजोबांकडे किंवा नातलगांकडे राहतात आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय केली जाते. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव समितीनेच द्यायचा असतो, आणि तो दसऱ्यानंतर देऊन उपयोग नाही. उचल पावसाळ्यातच घेतली जाते, म्हणून कोणाचे घर जाणार हे श्रावणात गावाला माहीत असते. तेव्हाच घरोघर जाऊन यादी करा. यादीत मुलाचे नाव, इयत्ता, मागे राहणारे माणूस आणि त्या माणसाचे वय लिहा. आजी सत्तरीची असेल आणि तिला दिसत नसेल, तर त्या घरी मूल ठेवता येणार नाही, शेजारचे घर पाहावे लागेल. कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. मुलींच्या घरी या स्त्री सदस्यांनीच जावे, कारण आईची भीती पुरुषांपुढे बोलली जात नाही.

जी मुले तरीही जातील त्यांच्यासाठी, नव्या गावच्या शाळेत शिक्षण पुढे चालू राहावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड घ्या आणि ती ज्या कारखान्याच्या गावी जाणार आहेत तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून कोणतीही शाळा त्यांचा प्रवेश अडवू शकत नाही. आणि आपल्या जिल्ह्याची दुसरी जबाबदारीही विसरू नका. बीड, धाराशिवकडून आपल्या कारखान्यांवर टोळ्या येतात, त्यांची मुले आपल्या शाळांच्या कुंपणाबाहेर उभी असतात. त्यांना आत घ्यायला कोणत्याही प्रस्तावाची गरज नाही.

सरकारी पैसे उशिरा येतात हे मला माहीत आहे. तोवर काय, तर भाऊरावांनी गावोगाव मूठमूठ धान्य गोळा केले होते. आपण दामाजीपंतांच्या जिल्ह्यात राहतो, ज्यांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडल्याची कथा घराघरांत सांगितली जाते. वीस मुलांची दोन वेळची भाकरी ही गावाच्या यात्रेच्या वर्गणीपुढे फार मोठी रक्कम नाही.

प्रश्न : आमच्या गावात १९६० च्या सुमारास एका गुरुजींनी हायस्कूल काढले, मुलांना स्वतःच्या घरी ठेवून शिकवले. ते आता नाहीत. माजी विद्यार्थी त्यांचे छोटे चरित्र लिहिणार आहेत. सुरुवात कोठून करावी? (एक माजी विद्यार्थी, मंगळवेढा तालुका)

उत्तर : ‘थोर’, ‘निष्ठावान’, ‘दीपस्तंभ’ हे शब्द सुरुवातीलाच बाजूला ठेवा. गुरुजींच्या तोंडचे एखादे वाक्य तिघांना सारखे आठवत असेल तरच अवतरणात घाला. पुतळा उभा करणे सोपे असते. त्या माणसाने मंगळवारी सकाळी काय केले हे शोधणे कष्टाचे असते, आणि वाचकाला तेच हवे असते.

कागदांपासून सुरुवात करा. शाळेचे पहिले जनरल रजिस्टर काढा आणि पहिल्या दहा वर्षांतल्या प्रत्येक मुलाचे गाव पाहून नकाशावर खूण करा. किती कोसांवरून मुले येत होती ते दिसेल आणि गुरुजींच्या कामाचा आवाका कोणत्याही विशेषणाशिवाय समोर येईल. त्याच रजिस्टरात शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. १९७२-७३ ची पाने सावकाश वाचा. ज्यांनी शाळा सोडली त्यांतील कोणी हयात असेल तर त्यांनाही भेटा. यशस्वी विद्यार्थ्यांच्याच आठवणी घेतल्या तर चरित्र अर्धे राहते. शेरेबुकात तपासणी अधिकाऱ्यांची मते असतात, पावतीपुस्तकांत देणगीदार असतात, आणि देणगी म्हणून ज्वारीची पोती दिलेल्यांचीही नावे कुठेतरी सापडतील. गुरुजींच्या चुका सापडल्या, कोणावर अन्याय झाल्याचे कळले, तर तेही लिहा. त्यांच्या घरच्यांना आधी वाचायला द्या, पण गाळू नका.

मात्र हे सारे कागद महिनाभर थांबले तरी चालतील. आपण पत्रात सहज लिहिले आहे की गुरुजींच्या घरी राहणाऱ्या मुलांचा स्वयंपाक त्यांच्या वहिनी करीत आणि त्या अजून गावातच असतात. त्यांचे वय आज नव्वदीकडे असेल. या आठवड्यातच त्यांच्याकडे जा, सोबत एखाद्या बाईला न्या, फोनवर ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी विचारा, आणि पहिला प्रश्न गुरुजींविषयी विचारू नका. रोज किती भाकरी लागत आणि पीठ कोठून येत असे, हे विचारा.